डोंगरावर शिव, पायथ्याला जखीण

कऱ्हाडच्या नैऋत्येला, कृष्णा-कोयनेच्या संगमापासून तासा-दीड तासाच्या चालीवर, एक डोंगर उभा आहे. त्याच्या माथ्यावर शिवाचे ठाणे आहे आणि त्या शिवावरून डोंगराला आगाशिव म्हणतात. त्याच्या पायथ्याला एक खेडे आहे, त्याचे नाव जखिणवाडी. माथा आणि पायथा यांच्यामध्ये, कातळाच्या पट्ट्यात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची साठांहून अधिक लेणी कोरलेली आहेत. ती बौद्ध भिक्षूंची. म्हणजे एकाच उतारावर वर शिव, मध्ये बुद्ध आणि खाली जखीण अशी तिघांची वस्ती आहे. पहिल्या दोघांची ओळख महाराष्ट्राला करून द्यायला नको. तिसरीची मात्र करून दिली पाहिजे; कारण तिचे नाव काढताच लेकरे आईचा पदर धरतात आणि मोठी माणसे विषय बदलतात.

आपल्या बोलीत जखीण म्हणजे बाईचे भूत. हडळ, लावसट, डाकीण यांच्या पंगतीतले. केस पिंजारलेल्या, गबाळ्या बाईलाही 'काय जखिणीसारखी दिसतेस' असे घरातलेच कोणीतरी टाकून बोलते. मग एका नांदत्या गावाने आपले नाव भुतावरून कसे ठेवले? गावाचे नाव पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकीत सांगायचे असते, देवाच्या पत्रिकेवर लिहायचे असते. ते कोणी घाबरून ठेवत नाही. जखिणवाडीच्या अंगाने मी हा डोंगर चढलो, तेव्हा लेण्यांइतकाच हा प्रश्नही माझ्याबरोबर होता. लेणी पाहून झाली. प्रश्न मात्र पुढे कित्येक महिने पुस्तकांतून मला हिंडवीत राहिला.

आधी लेण्यांचीच गोष्ट सांगतो. अजिंठा-वेरूळ पाहून आलेल्या माणसाला इथे पहिल्या भेटीत थोडे निराश झाल्यासारखे वाटेल. इथे चित्रे नाहीत, गजथर नाहीत, अप्सरा नाहीत. लहान लहान खोल्या, त्यांत निजायला दगडी ओटे, काही ठिकाणी मधला मंडप आणि भोवती खोल्या, पाण्याची टाकी, आणि मोजक्या ठिकाणी स्तूप. लेणी एका जागी नाहीत. काही जखिणवाडीच्या बाजूला, काही डोंगराच्या खोबणीत, तर काही कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून आहेत. एका चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूला दोन अर्धस्तंभ आहेत. एकाच्या माथ्यावर चक्र आहे, दुसऱ्याच्या माथ्यावर सिंह. सबंध डोंगरात डोळा ठरावा असे कोरीवकाम एवढेच. पण दाराशी थोडा वेळ थांबले म्हणजे ध्यानात येते, की ही भिक्षूंच्या पावसाळ्याची घरे होती. चार महिने डोक्यावर छप्पर हवे आणि जवळ पाणी हवे. त्याहून अधिक त्यांना काही लागत नव्हते.

या लेण्यांची पहिली सविस्तर नोंद एका इंग्रज अधिकाऱ्याने केली. बार्टल फ्रिअर हा १८४६ च्या सुमारास साताऱ्याचा रेसिडेंट होऊन आला. १८४८ साली आप्पासाहेब महाराज वारले, पुढे साताऱ्याचे राज्य खालसा झाले, आणि फ्रिअर तिथेच कमिशनर झाला. हाच पुढे मुंबईचा गव्हर्नर. राज्याची दप्तरे ताब्यात घेण्याच्या त्या धामधुमीच्या काळातच त्याने कऱ्हाडजवळची लेणी पाहून त्यांचे वर्णन मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात दिले. १८८० साली फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी भारतातल्या लेण्यांवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यात ही लेणी आली. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरमध्येही आली. म्हणजे कागदोपत्री ती अज्ञात नाहीत. तरीही पुण्याहून कोल्हापूरला जाणाऱ्या हजार माणसांत दोघा-तिघांनीही त्या डोंगराकडे मान वळवलेली नसते.

लेण्यांतले एक त्रुटित वाक्य वाचता आले आहे. गोपाळाचा मुलगा संघमित्र याने हे लेणे दान दिले, एवढाच त्याचा अर्थ. राजा कोण, साल कोणते, डोंगराला काय म्हणतात, काही नाही. बापाचे नाव, आपले नाव आणि दान. आज आपण देवळाच्या पायरीवर 'अमुकच्या स्मरणार्थ' अशी फरशी बसवतो, तशीच ही फरशी समजा. गंमत अशी की आज आपल्या जिभेवर असलेले 'लेणे' हे त्या ओळीतलेच 'लेण'. संस्कृतातले लयन, प्राकृतात लेण झाले आणि मराठीत लेणे. लेण्यांच्या लेखांत खोलीला 'ओवरक' म्हणतात. आपल्या देवळांच्या ओवऱ्या तिथूनच आल्या. राज्ये गेली, लिपी विसरली गेली, पण शेतात राबणाऱ्या माणसाने शब्द टाकले नाहीत. पुढच्या सगळ्या विवेचनाला आधार आहे तो एवढाच.

लेण्यांच्या डोंगरांची जुनी नावे शोधू गेले, तर नशीब सर्वत्र सारखे नसते. कार्ल्याच्या लेखांत त्या जागेला वलूरक म्हटले आहे. आज ते नाव कोणाला ठाऊक नाही. नाशिकच्या डोंगराला त्रिरश्मी म्हणत; लोक त्याला पांडवलेणी म्हणतात. जिथे कर्ता आठवत नाही तिथे पांडवांना उभे करायचे, ही आपली जुनी रीत. पण मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेखांत 'कण्हसेल' म्हणजे कृष्णशैल असे नाव आहे, आणि कण्हाची कान्हेरी होऊन ते नाव आजतागायत टिकले. जुन्नरला तर याहून नवल आहे. तिथल्या एका लेण्यांच्या डोंगराला मानमोडी म्हणतात. मानमोडी हे तिथल्या देवीचे नाव; मान मोडणारी, म्हणून भयंकर. त्याच डोंगरातल्या लेखांत 'मानमुकुड' असे स्थळनाव आले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवीत असत. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की मानमोडी ही त्या मानमुकुडाचीच आजची बोली आहे. म्हणजे ज्या देवीला आपण गावंढळ आणि अलीकडची समजत होतो, तिचे नाव दोन हजार वर्षे त्या जागेला चिकटून राहिले आहे.

कऱ्हाडच्या डोंगराने आपले जुने नाव दगडावर लिहून ठेवलेले नाही. तेव्हा माथ्यावरचे आणि पायथ्याचे, अशा दोन जिवंत नावांनाच साक्षीला बोलावले पाहिजे.

माथ्यावरच्या नावापासून सुरुवात करू. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा एक ताम्रपट कऱ्हाडला सापडला आहे. शके ८८०, म्हणजे इसवी सन ९५९. राजाची छावणी तेव्हा दूर दक्षिणेत मेलपाटीला होती. जिंकलेला मुलूख आपल्या माणसांना वाटून देण्यात तो गुंतला होता. त्या गडबडीतही त्याने करहाट प्रांतातले कंकेम नावाचे गाव एका शैव तपस्व्याला तपस्व्यांच्या चरितार्थासाठी दान दिले. त्या तपस्व्याचे नाव गगनशिव. दहाव्या शतकात कऱ्हाडच्या परिसरात शैव आचार्यांचा मोठा मठ होता, आणि त्यांच्या नावाच्या शेवटी 'शिव' लागत असे, एवढे यावरून निश्चित होते. आता गगन म्हणजे आकाश, आणि आकाशाचे प्राकृत रूप 'आगास'. आगास-शिव हे भरभर म्हणून पाहा. दोन सकार एकमेकांत मिसळून आगाशिव ऐकू येते. गगनशिवाचे नाव डोंगरावर राहिले असे मी म्हणत नाही. तेवढा पुरावा कोणी दिलेला नाही. पण भिक्षूंनी सोडलेल्या डोंगरावर शैव तपस्वी आले आणि माथ्यावरच्या शिवाला आकाशाचा शिव म्हणू लागले, हा तर्क मला आवडतो. आवडीचा तर्क म्हणूनच तो वाचकांपुढे ठेवतो.

पायथ्याच्या नावाला मात्र तर्काची गरज नाही. तिथे व्याकरण आपल्या बाजूला आहे.

संस्कृत शब्दाच्या आरंभीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, युगाचे जुग झाले, यंत्राचे जंतर झाले. शब्दातल्या 'क्ष'चा पुष्कळदा 'ख' होतो. लक्षाचे लाख, पक्षाचा पाख, लाक्षेची लाख. हे दोन नियम हाती धरून 'यक्षिणी' हा शब्द म्हणा. यक्षिणी, जक्खिणी, जखीण. वाटेत कुठे ठेच लागत नाही. जखिणवाडी म्हणजे यक्षिणीची वाडी. पुल्लिंगी यक्षाचाही असाच जाख झाला, आणि त्याला 'आई' जोडून जाखाई झाली. जाखमातेची ठाणी महाराष्ट्रात गावोगाव आहेत. सातारा जिल्ह्यातच खटाव तालुक्यात जाखणगाव आहे, आणि सांगली जिल्ह्यात कवठेमहांकाळकडे जाखापूर आहे. प्रत्येक गावाचा इतिहास स्वतंत्रपणे तपासावा लागेल; पण नावांची ही भाऊबंदकी डोळ्यांत भरते.

आता ही यक्षिणी होती तरी कोण? आज आपल्याला यक्ष आठवतो तो मेघदूतातला, बायकोच्या विरहाने झुरणारा. किंवा तळ्याकाठी धर्मराजाला प्रश्न विचारणारा. पण त्याही आधी, मोठे देव अजून मोठे व्हायचे होते तेव्हा, यक्ष आणि यक्षिणी हे गावोगावचे देव होते. झाडाखाली, तळ्याकाठी, वेशीवर त्यांची ठाणी असत. पीक, पाऊस, पोरेबाळे, व्यापारातली बरकत, सगळे त्यांच्याकडे मागायचे. संतुष्ट झाले तर देत, रुसले तर नेत. आपल्या वेशीवरच्या देवाची रीत आजही यापेक्षा वेगळी कुठे आहे?

यक्षिणीचे रूप पाहायचे असेल तर भारहुतला गेले पाहिजे. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात ही जागा आहे. तिथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला एक स्तूप होता. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम याला त्याचे अवशेष सापडले. गावकऱ्यांनी विटा आणि दगड घरांसाठी नेले होते, उरला होता तो कठड्याचा काही भाग. तो आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्या कठड्याच्या खांबांवर यक्ष आणि यक्षिणी पुरुषभर उंचीने कोरल्या आहेत, आणि त्यांची नावे शेजारीच लिहिली आहेत. सुदसना यक्षी, चदा म्हणजे चंद्रा यक्षी. यक्षांचा राजा कुबेरही आहे. दागिन्यांनी मढलेली, झाडाची फांदी हाताने वाकवून उभी राहिलेली ही चंद्रा पाहून कोणाला भूत आठवणार नाही. सुगीच्या दिवसांत अंगावर लेणी घालून निघालेली ही एखाद्या खात्यापित्या घरची सून वाटते.

हे सारे झाले कऱ्हाडपासून शेकडो कोसांवर, नर्मदेच्याही पलीकडे. त्याचा आपल्या जखिणवाडीशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध त्या कठड्यावरच लिहिलेला आहे. हा कठडा एका राजाने बांधला नाही. गावोगावच्या माणसांनी एकेक खांब, एकेक आडवी तुळई दान देऊन तो उभा केला. प्रत्येकाने आपले नाव आणि गाव कोरून घेतले. त्या गावांत 'करहकट' हे नाव पुन्हा पुन्हा येते. एका लेखात तर दान कोणा एकट्याचे नाही. ते करहकटाच्या निगमाचे, म्हणजे सबंध व्यापारी नगराचे आहे. विद्वानांनी हे करहकट म्हणजे आपले कऱ्हाड असे मानले आहे. कोकणात राजपुरीच्या खाडीकाठी कुडे येथे लेणी आहेत. तिथे एक लेणे 'करहाकड'च्या महिक नावाच्या लोखंडाच्या व्यापाऱ्याने दिले आहे. महाभारतात सहदेवाच्या दिग्विजयात करहाटक येते ते याच गावाचे नाव. घाटाखाली लोखंड नेणारा आणि उत्तरेत स्तूपाला खांब देणारा असा हा कृष्णाकाठचा हिंडता-फिरता, हातात पैसा खेळणारा समाज होता.

जरा डोळ्यांपुढे आणा. कऱ्हाडची माणसे महिनोन्‌महिने चालत भारहुतला जातात, स्तूपाला प्रदक्षिणा घालतात, आणि ज्या कठड्यासाठी आपण पैसा दिला त्याच कठड्यावर सुदसना आणि चंद्रा यक्षी उभ्या असलेल्या पाहतात. त्यांना ते विपरीत वाटत नाही. बुद्ध पूजनीय आणि यक्षिणी बुद्धाच्या दाराशी राखण करणारी; दोघांचे पटते. तशीच मांडणी त्यांच्या घरच्या डोंगरावर आहे. वर भिक्षूंची लेणी, खाली यक्षिणीची वाडी. भिक्षू आले तेव्हा जखीण आधीपासून तिथे होती, की भिक्षूंच्या मागून तिची वस्ती झाली, याचा निवाडा दगड देत नाही. पण कार्ल्याच्या चैत्याच्या दाराशी एकवीरा बसली आहे, शिवनेरीच्या कातळात शिवाई आहे, मानमोडीचे नाव तर लेखातच आहे. डोंगराच्या आईची जागा लोकांना आधी ठाऊक असते. त्या वाटेने माणसांची ये-जा असते. आणि माणसांची ये-जा असते तिथेच भिक्षा मागून राहणारा भिक्षू आपली खोली कोरतो. कोसंबींनी पुणे-जुन्नरकडे जे पाहिले, ते कऱ्हाडला वेगळे असण्याचे कारण मला दिसत नाही.

मग या सुनेची हडळ केव्हा आणि कशी झाली?

एका रात्रीत नाही. बौद्धांनी तिला आपलेसे केले ते एक पायरी खाली ठेवून. हारीती ही त्यांच्या कथेतली यक्षिणी लेकरे खाणारी होती. बुद्धाने तिचेच एक लेकरू लपवून तिला आईचे दुःख शिकवले, आणि ती लेकरांची रक्षक झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात ती नवऱ्याबरोबर ऐसपैस बसलेली आहे, भोवती पोरे खेळताहेत. मान मोठा आहे; पण पूर्वी ती लेकरे खात होती हा कलंक कथेने तिच्या पदरात बांधला तो बांधलाच. पुढे बौद्ध विहार ओस पडले, मोठ्या देवांची मोठी देवळे उभी राहिली, आणि वेशीवरच्या या बाया लहान लहान होत गेल्या. संतांच्या काळी त्यांची गणना क्षुद्र देवतांत होऊ लागली. तुकोबांनी आपल्या विठोबाची थोरवी सांगताना, तो जाखाई-जोखाई आणि मायराणी-मेसाबाई यांच्यापैकी नव्हे, असे बजावले आहे. तुकोबांचा राग समजण्यासारखा आहे. नवससायासांत, कोंबड्या-बकऱ्यांत गरिबांचा पैसा जात होता. पण त्या यादीवरून एक कळते. सतराव्या शतकात जाखाई गावोगाव इतकी जिवंत होती, की तिला नाकारल्याशिवाय विठोबाचे मोठेपण पुरते सांगून होत नव्हते.

पूजा करणारे कमी झाले म्हणजे देवाचे भूत होते. शब्दांच्या जगात हे नेहमी घडते. अशोकाच्या लेखांत 'पासंड' हा साधा शब्द आहे. त्याचा अर्थ पंथ. पंथ हरले, आणि पाखंड ही शिवी झाली. खुद्द अशोक स्वतःला देवानांप्रिय म्हणवीत असे; पुढे संस्कृत पंडितांनी त्या शब्दाचा अर्थ मूर्ख असा करून ठेवला. बायकांच्या देवतांवर तर ही पाळी अधिकच आली. बाळाच्या पाचवी-सहावीला जिची पूजा होते, जी कपाळावर नशीब लिहिते असे आपण मानतो, ती सटवाई म्हणजे षष्ठी देवी. आणि 'सटवी' ही भांडणातली शिवी. सहाव्या रात्री पाटावर मांडायची, आणि सातव्या दिवशी तिच्याच नावाने सुनेचा उद्धार करायचा! जखिणीचेही तेच झाले. मौज अशी की हाच शब्द पुस्तकाच्या वाटेने आला तेव्हा त्याचा मान कमी झाला नाही. आपण 'यक्षप्रश्न' म्हणतो, यक्षिणीच्या सौंदर्याचे गोडवे गातो. जिभेच्या वाटेने, आयाबायांच्या तोंडून आलेली जखीण तेवढी पिंपळावर जाऊन बसली.

तिला सर्वांनीच असे टाकले नाही, हे पाहायला कृष्णेच्या काठाने थोडे खाली यावे लागते. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यात कुंडल हे गाव आहे. आपल्या पिढ्यांना ते दोन कारणांनी ठाऊक आहे. औंध संस्थानच्या काळात, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शेजारच्या माळावर नांगराचा कारखाना उभारला ती किर्लोस्करवाडी. आणि १९४२ नंतरच्या प्रतिसरकारच्या लढ्यात कुंडल हे क्रांतिकारकांचे मोठे केंद्र होते. पण त्या गावाच्या डोंगरातही एक लेणे आहे. त्यात पार्श्वनाथाची मूर्ती आहे आणि वरच्या कातळातून तिच्यावर पाणी झिरपत राहते. म्हणून लोक त्याला झरी पार्श्वनाथ म्हणतात. या नावाचे मूळ शोधायला कोश लागत नाही. लेण्यात उभे राहिले की ते कानांनी ऐकू येते.

जैन धर्मात प्रत्येक तीर्थंकराच्या सेवेला एक यक्ष आणि एक यक्षिणी असते. पार्श्वनाथाचा यक्ष धरणेंद्र आणि यक्षिणी पद्मावती. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन शेतकऱ्यांच्या घरांत पद्मावतीची भक्ती आजही मोठी आहे. तिला साडी नेसवतात, ओटी भरतात, पोरीबाळींना तिचे नाव ठेवतात. तिथे यक्षिणी हा शब्द उच्चारताना कोणी थुंकत नाही. शेजारच्या कानडी मुलखात तर 'जक्क' हे रूप माणसांच्या नावात आदराने नांदले. दहाव्या शतकाच्या आरंभी, राष्ट्रकूटांच्याच राज्यात, बनवासीकडच्या नागरखंड या सत्तर गावांच्या तुकडीचा कारभार नवऱ्याच्या मृत्यूनंतर एका बाईने हाती घेतला आणि तो चोख चालवला, असे शिलालेख सांगतो. तिचे नाव होते जक्कियब्बे. मराठीत आणले तर जखाई किंवा जाखाबाई म्हणावे लागेल. कारभारणीचे नाव भुतावरून ठेवत नसतात.

म्हणजे कऱ्हाडपासून कुंडलपर्यंत, एका नदीच्या एका दिवसाच्या वाटेवर, एकच शब्द दोन दशांना पोचला. ज्या घरांनी तिची पूजा चालू ठेवली तिथे ती आई राहिली. जिथे पूजा थांबली, तिथे तिचे भय तेवढे शिल्लक उरले. जखिणवाडीने मात्र तिसरीच गोष्ट केली. पूजा विसरली, अर्थ विसरला, तरी नाव टाकले नाही. गावाच्या निष्ठेचा हा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो नकळत झालेला आहे.

हे लिहिण्याची निकड एका कारणाने वाटते. नावे बदलण्याचा हा काळ आहे. काही नावे बदलायलाच हवी होती. माणसाला जातीने हिणवणारी वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२० साली घेतला, तो उचितच होता. पण त्याच झपाट्यात, कानाला बरे वाटत नाही म्हणून, एखाद्या मानमोडीची मानिनी किंवा जखिणवाडीची लक्ष्मीनगर व्हायला वेळ लागत नाही. लेण्याचा दगड झिजला तर त्याचा फोटो तरी राहतो. नाव पुसले म्हणजे त्याच्याबरोबर त्याची साक्ष जाते. संघमित्राने आपले नाव कातळावर कोरले, तरी त्यातली अक्षरे जेमतेम हाती लागली. यक्षिणीचे नाव कोणीच कोरले नाही, आणि ते गावच्या पोराटोरांच्या तोंडी अक्षर न अक्षर शाबूत आहे.

दिवाळीच्या अंकात हा भुताखेतांचा विषय कशाला काढला, असे कोणी म्हणेल. तर शेवटी तेवढे सांगून टाकतो. दिवाळी हा सण यक्षांचा आहे. धनत्रयोदशीला आपण ज्या कुबेराला हात जोडतो तो यक्षांचा राजा. भारहुतच्या कठड्यावर चंद्रा यक्षीच्या शेजारपाजारी उभा असलेला तोच. वात्स्यायनाच्या कामसूत्रात लोकांनी मिळून साजऱ्या करायच्या सणांत पहिले नाव यक्षरात्रीचे आहे. आणि बाराव्या शतकात गुजरातेतल्या आचार्य हेमचंद्रांनी लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करून देशीनाममाला हा कोश रचला, त्यात 'जक्खरत्ती' या शब्दाचा अर्थ दिवाळी असा दिला आहे. जक्खरत्ती, म्हणजे जाखांची रात्र. ज्या 'जक्ख'पासून आपली जखीण आली, त्याच 'जक्खा'च्या नावाने ही दिव्यांची रात्र एके काळी ओळखली जात होती.

तेव्हा वाचकहो, कऱ्हाडकडे जाणे झाले तर प्रीतिसंगमावर थांबा, तिथून आगाशिवाकडे पाहा, आणि सवड असेल तर जखिणवाडीच्या वाटेने वर चढा. चक्र आणि सिंह पाहा, गोपाळाच्या मुलाने दिलेल्या दानाची आठवण करा. आणि त्या वाडीच्या एखाद्या मुलीला शाळेत किंवा सासरी कोणी गावाच्या नावावरून हसले, तर तिला उत्तर ठाऊक असू द्या: आमचे गाव भुताचे नव्हे, यक्षिणीचे आहे, आणि तुम्ही दारात पणती लावता ती रात्र तिच्याच घराण्याची आहे.